ढालीआडचा प्रतिस्पर्धी

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या घरीं एक तंटा उपस्थित झाला, आणि वयोमानानें त्याचा निवाडा करण्याचें काम आमच्याकडे आलें. नवीन जालन्यांतील आमचें घर तीन पिढ्यांचें. आम्ही उभयतां, दोन चिरंजीव, दोन सुना आणि नातवंडें अशीं सर्व मंडळी एकाच स्वयंपाकघरांत जेवतात. अशा घरांत तंटे कांहीं नवे नसतात. परंतु या तंट्याचें कारण आम्हांस सर्वस्वीं अपरिचित होतें. थोरल्याचा मुलगा, वय वर्षें पंधरा, आणि धाकट्याची मुलगी, वय वर्षें दहा, हीं दोघें दूरचित्रवाणीच्या पडद्यावर एक लढाईचा व्हिडिओ गेम खेळत असत. त्याचें यंत्र मुलाच्या मामानें परदेशाहून येतांना आणलेलें. एके दिवशीं दुपारीं मंडळी नुकतीच आडवी झाली होती, तोंच मोठ्यानें ओरडणें ऐकूं आलें आणि पाठोपाठ कांहींतरी भिंतीवर आपटल्याचा आवाज झाला. आम्ही जाऊन पाहतों तों खेळाचा कंट्रोलर जमिनीवर पडलेला, नात कोपऱ्यांत उभी आणि नातू रागानें लालबुंद झालेला.

“ती खेळतच नाहीं, आजोबा! नुसती ढाल धरून बसते. मी मारायला गेलों कीं मला पकडते आणि फेकून देते. हा काय खेळ झाला?”

नातीचें म्हणणें एवढेंच होतें : “ढाल खेळांतच दिली आहे ना? मग मी धरली तर दादा चिडतो कशाला?”

थोरले चिरंजीव संध्याकाळीं कामावरून घरीं आले व त्यांनीं फर्मान काढलें : यंत्र कपाटांत, आणि कपाटाची किल्ली त्यांच्या खिशांत. शिवाय कंट्रोलर कां फेंकला, अभ्यासाचें काय, हें असेंच चालणार का, असे प्रश्नामागून प्रश्न झाले. नातू मान खालीं घालून उभा राहिला व एकाहि प्रश्नाचें उत्तर न देतां खोलींत निघून गेला. दुसऱ्या दिवशींहि तो जेवणापुरता पानावर येई आणि अक्षर न बोलतां उठे. तेव्हां आम्हीं चिरंजिवांकडून आठ दिवसांची मुदत व कपाटाची किल्ली मागून घेतली. निवाडा द्यावयाचा तर खटला समजला पाहिजे, आणि खटला समजण्यास आधीं खेळ समजला पाहिजे. आम्हीं नातवास एवढेंच सांगितलें, “आम्हांला यांतलें कांहींएक कळत नाहीं, तूं शिकव.” अशा रीतीनें ज्यानें आयुष्यभर दुसऱ्यांस शिकविलें त्यानें वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं नातवापुढें वही घेऊन बसावें असा योग आला.

खेळाची ओळख

या खेळाचें नांव ‘सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’. तो काढणारी निन्टेंडो ही पेढी जपानांतील क्योटो शहरीं १८८९ सालीं स्थापन झाली, ती खेळण्याचे पत्ते तयार करण्यासाठीं. मासाहिरो साकुराई यांनीं रचलेल्या या मालिकेंतील पहिला खेळ १९९९ च्या जानेवारींत जपानमध्यें निघाला आणि आमच्या घरीं आलेला हा खेळ ७ डिसेंबर २०१८ रोजीं जगभर प्रसिद्ध झाला.

अशा इतर खेळांत प्रत्येक योद्ध्याची शक्ति ठराविक असते व प्रहारागणिक ती घटत जाते. येथें प्रकार उलटा आहे. लढाई एका अधांतरीं मंचावर चालते; त्याच्या वर लहान ओटे तरंगत असतात. मार बसला कीं योद्ध्याच्या नांवापुढील टक्क्यांचा आंकडा वाढतो, आणि तो जितका मोठा तितका पुढचा फटका त्यास दूर भिरकावतो. मंचाबाहेर गेलेला पुन्हां परत येऊं शकला नाहीं, तर त्याचा एक प्राण गेला. थोडक्यांत म्हणजे, प्रतिस्पर्ध्यास मारून पाडावयाचें नसून आखाड्याबाहेर घालवावयाचें असतें.

बचावासाठीं ढाल असते. एक कळ दाबून धरली कीं योद्ध्याभोंवतीं पारदर्शक गोळा उभा राहतो, व त्याच्या आंत असेपर्यंत समोरचा फटका लागत नाहीं. मग ढाल धरणारा अजिंक्यच झाला, असें वाचकांस वाटेल. आम्हांसहि तसेंच वाटलें. त्यावर नातवानें आम्हांस दगड, कागद आणि कात्री यांचा खेळ आठवावयास सांगितला. फटक्यास ढाल अडविते, ढालीस पकड भेदते, आणि पकडूं पाहणाऱ्यास फटका आधीं गांठतो. तिहींपैकीं एकहि सर्वश्रेष्ठ नाहीं. “मग ती ढाल धरते तेव्हां तूं पकडीत कां नाहींस?” असें आम्हीं विचारलें. तो थोडा वेळ गप्प राहिला व म्हणाला, “तेवढ्या जवळ जायच्या आधींच ती मला पकडते.” खटल्याचें मूळ तेथें होतें.

क्षणाच्या साठाव्या भागाचा हिशेब

पडद्यावर एका सेकंदांत साठ चित्रें उमटतात, आणि या खेळांतील जाणते खेळाडू सर्व हिशेब त्या चित्रांत करतात. ढालीवर फटका बसला म्हणजे ढाल धरणारा कांहीं चित्रांपुरता ताठरतो. त्यास हालचाल करतां येत नाहीं. परंतु मारणाराहि मोकळा नसतो. उगारलेला हात किंवा तलवार परत आणून स्वतःस सांवरण्यास त्यालाहि कांहीं चित्रें लागतात. प्रश्न एवढाच कीं, दोघांपैकीं आधीं मोकळा कोण होतो व किती आधीं होतो.

समजा, आम्हीं सर्व बळ एकवटून जबर फटका मारला. ढालीआडचा दहा चित्रें ताठरला, पण आम्हांस सांवरण्यास चौतीस लागलीं. म्हणजे चोवीस चित्रें आम्ही त्याच्यापुढें हात बांधून उभे. ढालीआडून हात घालून पकडण्यास बहुतेक योद्ध्यांस दहाच्या आसपास चित्रें पुरतात. तेव्हां तो आम्हांस सहज पकडतो. उलट समजा, फटका हलका होता. तो चार चित्रें ताठरला व आम्ही आठांत सांवरलों. आतां अंतर चार चित्रांचें. त्याचा हात येईपर्यंत आम्ही जागेवर नसतों. या दुसऱ्या प्रकारास नातू ‘सेफ’ म्हणतो. निर्भय प्रहार, असें आम्हीं वहींत लिहून घेतलें. मात्र कांहीं योद्ध्यांचा ढालीआडून वर उसळण्याचा डाव पकडीहूनहि जलद असतो. म्हणून समोर कोण आहे हें पाहूनच निर्भयता ठरते.

ढाल खालीं ठेवणेंहि फुकट नाहीं. त्यास अकरा चित्रें लागतात. मात्र पकडणें, उडी मारणें किंवा वरच्या दिशेचा प्रहार करणें या गोष्टी ढाल न उतरवतां थेट करतां येतात. नातीस यांतील गणित ठाऊक नव्हतें, परंतु अनुभवानें तिला एवढें उमगलें होतें कीं, दादा जोरानें मारतो आणि मग क्षणभर तसाच उभा राहतो. तेवढ्यांत कळ दाबली कीं काम झालें. नातू जितका चिडे तितका अधिक जोराचा फटका निवडी, आणि जितका जोर अधिक तितका सांवरण्याचा काळहि अधिक. रागाचा दंड असा रोख वसूल होत होता.

पंच नसलेली कुस्ती

तरी नातवाचा मूळ आक्षेप उरलाच होता. नुसतें बचाव करीत बसणें हा खेळ होय काय? हा प्रश्न त्याचा एकट्याचा नाहीं, मल्लविद्येंतहि तो जुनाच आहे. हा खेळ निघाला त्याच महिन्यांत, म्हणजे डिसेंबर २०१८ मध्यें, महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या आमच्या जालन्यांत झाल्या व अखेरच्या लढतींत बाला रफिक शेख यांनीं आदल्या वर्षीचे विजेते अभिजित कटके यांस हरवून गदा मिळविली. गादीवरील आंतरराष्ट्रीय फ्रीस्टाइल कुस्तींत जो मल्ल नुसताच अंग चोरतो त्यास पंच आधीं तंबी देतात, आणि मग तीस सेकंदांची मुदत घालतात; तेवढ्यांत त्यानें गुण मिळविला नाहीं तर प्रतिपक्षास एक गुण जातो. म्हणजे निष्क्रियता हा तेथें दोष आहे व दंड देणारा माणूस समोर उभा आहे.

नातवाच्या खेळांत असा पंच नाहीं. परंतु खेळ रचणाऱ्यानें पंचाचें काम ढालीकडेच सोंपविलें आहे. ढाल धरून ठेवली कीं ती आपोआप झिजत जाते. कोणीं एकहि फटका मारला नाहीं तरी पुरी ढाल साडेपांच सेकंदांच्या आंतबाहेर संपते. फटके बसले तर त्याहून लवकर. खालीं ठेवल्यावर ती पुन्हां भरून येते, पण झिजण्याच्या सुमारें निम्म्याच वेगानें. झिजतां झिजतां गोळा लहान होतो, मग डोकें किंवा पाय उघडे पडतात व तेथें फटका लागूं शकतो. आणि ढाल पार फुटली, तर योद्धा घेरी आल्यासारखा झुलत उभा राहतो. त्याचें काय वाटेल तें करावें. जिगलीपफ नांवाची एक फुगीर बाहुली आहे, ती तर ढाल फुटतांच आकाशांत उडते व बहुधा प्राणासच मुकते.

हें ऐकल्यावर आमचा निवाडा निम्मा झाला. ढाल धरणें अन्याय नव्हे, कारण तिचें मोल धरणारा क्षणोक्षणीं मोजतच असतो. उरला प्रश्न नातवाचा : बाहेर उभें राहणाऱ्यानें काय करावें?

दुर्ग घेण्याचे पांच उपाय

आम्ही पडलों संस्कृतचे मास्तर. ढालीचा गोळा पाहून आम्हांस दुर्ग आठवला, आणि दुर्ग म्हटला कीं कौटिल्य आला. अर्थशास्त्राच्या तेराव्या अधिकरणांत दुर्ग हस्तगत करण्याचे पांच उपाय दिले आहेत : उपजाप म्हणजे आंतल्यांस फितविणें, अपसर्प म्हणजे हेर घालणें, वामन म्हणजे युक्तीनें शत्रूस बाहेर काढणें, पर्युपासन म्हणजे वेढा घालून बसणें, आणि अवमर्द म्हणजे प्रत्यक्ष हल्ला. नातवास ही यादी फार आवडली. पहिले दोन उपाय आम्हीं एकमतानें वगळले. नातीस कुल्फी देऊन फितविणें खिलाडूपणाचें झालें नसतें. उरले तीन, आणि त्यांतला फक्त शेवटचा तो आजवर वापरीत आला होता.

निव्वळ हल्ल्याची किंमत काय पडते याचें उदाहरण आमच्याच जिल्ह्यांत आहे, तें आम्हीं त्यास सांगितलें. भोकरदन तालुक्यांतील असई येथें २३ सप्टेंबर १८०३ रोजीं शिंदे-भोसल्यांच्या फौजेशीं इंग्रज सेनापति वेलस्ली याची गांठ पडली. मराठी फौज केळना नदीच्या पलीकडे तोफा रोंखून उभी होती. समोरून नदी उतरणें म्हणजे मरण. वेलस्लीनें पाहिलें कीं, कांहीं अंतरावर नदीच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर गांवें आहेत; तेव्हां मध्यें उतार असलाच पाहिजे. तेथून तो नदी ओलांडून बगलेवर आला. परंतु शिंद्यांच्या कवायती पलटणींनीं आपली फळी झपाट्यानें वळवून त्याच्याकडे तोंड केलें. त्यांतच इंग्रजांच्या उजव्या बाजूची एक तुकडी व तिच्या मागची ७४ वी पलटण वाट चुकून असई गांवाच्या तोफांपुढें सरळ गेली आणि जवळजवळ नष्ट झाली. लढाई इंग्रजांनीं जिंकली, पण मेलेले, जखमी व बेपत्ता मिळून त्यांचीं १,५८४ माणसें गेलीं. प्रत्यक्ष लढलेल्यांपैकीं सुमारें एक तृतीयांश. नातू बराच वेळ विचार करून म्हणाला, “म्हणजे बाजूनें जायची कल्पना बरोबर होती, पण समोर तोंड वळवायला वेळ मिळाला.” इतिहासाच्या तासाला असें उत्तर आम्हांस क्वचितच मिळालें असेल.

आठ दिवसांचा अभ्यास

नातीचा योद्धा किर्बी, म्हणजे आंखूड हातांचा एक गुलाबी गोळा. नातवाचा मार्थ, हा लांब तलवारीचा राजपुत्र. प्रयोगासाठीं किर्बीच्या जागीं आम्हीं बसावें, ढाल धरावी व नातवानें आमच्यावर डाव करून पाहावे, असें ठरलें. आमच्या हाताचा वेग पाहतां आम्हांस दुसरें कांहीं करतां येण्यासारखेंहि नव्हतें. रोज संध्याकाळीं दिवेलागणीनंतर तासभर हा अभ्यास चाले. त्यांतून वहींत चार गोष्टी उतरल्या.

पहिली गोष्ट अंतराची. मार्थच्या तलवारीचें टोंक ढालीस जेमतेम लागेल इतक्या दुरून मारावें. टोंकाचा फटकाच या योद्ध्याचा सर्वांत प्रभावी फटका आहे, आणि किर्बीचा आंखूड हात तेथवर पोंचत नाहीं. पकडणाऱ्याचा हात रिकामा फिरला तर सांवरण्याची पाळी त्याच्यावर येते, व तोच आपला क्षण.

दुसरी गोष्ट वेळेची. उडी घेऊन मारावयाचें असल्यास फटका उंचावर असतांना मारूं नये. पाय जमिनीस टेंकण्याच्या अगदीं आधीं मारावा. उंचावर मारला तर ढालीआडचा ताठरलेला मोकळा होतो आणि आपण अजून हवेंतच असतों. टेंकतां टेंकतां मारला तर दोघेहि जवळजवळ एकदमच मोकळे होतात.

तिसरी गोष्ट बाजूची. ढालीचा गोळा चोहों बाजूंनीं रक्षण करितो, परंतु पकडीचा हात मात्र तोंडापुढेंच जातो. म्हणून मारीत मारीत वरून ओलांडून पाठीमागें उतरावें. फटका ढालीवरच बसतो, पण पकड वाऱ्यास पकडते. असईच्या पलटणींस तोंड वळविण्यास वेळ मिळाला. येथें तो मिळूं द्यावयाचा नाहीं.

चौथी गोष्ट आम्हांस सर्वांत कठीण वाटली, आणि नातवासहि. ती म्हणजे न मारणें. उडी घ्यावी, ढालीआडचा फटक्याची वाट पाहत ताठ बसेल. आपण न मारतां नुसतें खालीं उतरावें आणि तत्काळ त्यास पकडावें. किंवा हलका एक फटका मारून दोन पावलें मागें सरावें व पाहत उभें राहावें. ढाल झिजत असते. धरणारा कांहींतरी करणारच : उडी मारील, कोलांटी घेऊन पळेल किंवा घाईनें पकडावयास हात घालील. तो बाहेर आला कीं मग मारावें. कोलांट्यांवर कोलांट्या घेणारास खेळच शिक्षा करितो. प्रत्येक पुढची कोलांटी अधिक मंद होत जाते. कौटिल्याचें वामन व पर्युपासन तें हेंच.

या चारी युक्त्या आलटून पालटून वापरावयाच्या असतात, हें नातवानें आम्हांस बजावून सांगितलें. एकच डाव चारदां केला तर ढालीआडचा त्याचा ठोका ओळखतो व नेमक्या क्षणीं ढाल सोडून फटका परतवितो. त्यास ‘पॅरी’ म्हणतात, व त्यासाठीं अवघ्या पांच चित्रांचा अवकाश असतो. नेहमींच्या ठेक्यानें मारणारा मात्र तो अवकाश आपण होऊन दुसऱ्याच्या हातीं देतो.

ढाल धरून बसलें असतां एक गोष्ट आमच्या प्रत्ययास आली, ती नातवानें सांगितलेली नव्हती. फटके येत असत तोंवर आम्ही निश्चिंत असूं. एक फटका आला, अडला. दुसरा आला, अडला. उलट आंत बसलेल्यास बळच चढे. परंतु नातू थोडा दूर उभा राहून कांहींच करीनासा झाला म्हणजे आमचा जीव कासावीस होई. गोळा लहान लहान होतांना दिसे आणि बाहेर पडावेंसें वाटे. त्यास हें सांगितलें तेव्हां तो प्रथमच मोकळेपणीं हसला.

निकाल

आठव्या दिवशीं रात्रीं जेवणें आटोपल्यावर सर्व मंडळी जमली. पांच डावांची लढत. थोरले चिरंजीव किल्ली घेऊन आरामखुर्चींत बसले होते. पहिला डाव नातीनें जिंकला. नातवाचा हात अजून जुन्या वळणावर जात होता. दुसऱ्यांत तो तलवारीच्या अंतरावर राहिला व जिंकला. तिसऱ्यांत त्यानें दोनदां नुसतीच उडी घेतली आणि नातीस पकडून मंचाबाहेर टाकलें. “दादा, हें काय केलंस?” असें म्हणून ती खुर्चीच्या कडेवर सरकून बसली. चौथ्या डावापासून तिनें ढाल धरणें कमी केलें. ती पळूं लागली, ओट्यांवर चढूं लागली, वरून झेपावूं लागली. चौथा तिचा झाला. पांचव्यांत दोघांचा एकेक प्राण उरला असतां नातवानें घाईनें एक जबर फटका मारला, तो ढालीवर बसला, आणि पुढें काय झालें तें वाचकांनीं ओळखलेंच असेल.

सर्वांचे डोळे नातवाकडे लागले. त्यानें कंट्रोलर हळूच पाटावर ठेवला व म्हणाला, “शेवटचा माझा फटका सेफ नव्हता.” मग नातीकडे वळून, “पण तूं ढाल सोडून खेळलीस तेव्हां मजा आली.” चिरंजिवांनीं किल्ली आमच्या हातांत दिली. त्यांनीं या वेळीं एकहि प्रश्न विचारला नाहीं, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहाच्या वेळीं नातू आपण होऊन वडिलांस म्हणाला कीं, कंट्रोलर फेंकला ही चूक झाली. त्याच्या कडेला चीर गेली आहे, ती त्यांना दाखवावयाची राहिली होती.

येथें लेख संपवावयाचा. परंतु ढालीच्या आंत बसून जी गोष्ट आम्हांस कळली तिनें एक जुनी आठवण जागी केली, ती सांगितल्याविना राहवत नाहीं. आम्ही शिकवीत असतांना नववींत एक मुलगा मागच्या बांकावर बसे. शब्द चालवावयास सांगितला कीं तो उभा राही व गप्प होई. तो गर्व आहे असें आम्हीं मानलें. रोज पहिला प्रश्न त्यास. उत्तर न आल्यास दुसरा, तिसरा. सबंध वर्गादेखत, आवाज चढवून. ढालीवर फटक्यामागून फटके घालावे तसें तें झालें, आणि दर प्रश्नागणिक त्याची मान अधिकच ताठ होई. तिसऱ्या महिन्यांत तो शाळेंत येईनासा झाला. घरीं जाऊन चौकशी करावी असें आमच्या मनांत आलें होतें. आम्ही गेलों नाहीं.

तो आज जालन्याच्या बाजारांत बियाणांचें दुकान चालवितो. गेलीं कांहीं वर्षें परसांतल्या वाफ्यासाठीं मेथीचें, कोथिंबिरीचें बीं आम्ही त्याच्याकडूनच आणतों. तो पुडी बांधतो, पैसे घेतो, आणि नजर तराजूवर ठेवतो. त्या दिवसांविषयीं बोलावें असें आमच्या ओंठांवर कितीदां तरी आलें; परंतु तीहि एक चढाईच झाली असती, म्हणून आम्ही पुडी घेऊन परत येत असूं. गेल्या महिन्यांत पायऱ्या उतरतांना आम्ही जरा अडखळलों. मागून आवाज आला, “गुरुजी, गुडघा दुखतो का? बसा थोडे.” त्यानें स्टूल पुढें सरकविलें. आम्ही बसलों. गिऱ्हाइकें येत जात होतीं. मध्यें त्यानें चहा मागविला. पाऊस यंदा कसा होईल याविषयीं तो बोलला, आम्ही ऐकलें. आणि पेला रिकामा झाला तरी आम्हीं उठण्याची घाई केली नाहीं.